हात कशावर ठेवायचा?

२२ जानेवारी २०२२. गोव्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. त्या दिवशी काँग्रेसचे उमेदवार आधी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात गेले, मग बांबोळीच्या क्रुसापाशी आणि त्यानंतर बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी शपथ एकच होती: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. तिला कारणही तसेच होते. २०१७ साली पक्षाचे १७ आमदार निवडून आले होते, पण पाच वर्षे सरता सरता त्यांतले जेमतेम दोन उरले होते. मतदाराचा विश्वास परत मिळवायचा तर जाहीरनामा पुरेसा नव्हता, देव मध्ये घ्यावा लागला. मार्चमध्ये निकाल लागला आणि काँग्रेसचे ११ आमदार निवडून आले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांतले आठ जण भारतीय जनता पक्षात गेले. त्या आठांतले एक माजी मुख्यमंत्री होते. आपण देवळात जाऊन देवाला पुन्हा विचारले आणि तुला योग्य वाटेल ते कर असे देवाने सांगितले, अशा आशयाचा खुलासा त्यांनी केला.

कायद्याने पाहिले तर त्यांचे काही बिघडण्यासारखे नव्हते. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार विधिमंडळ पक्षातले किमान दोन-तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन होण्यास राजी असतील तर त्यांना अपात्रता लागत नाही, आणि ११ पैकी ८ हा आकडा त्याहून मोठा होता. मतदाराच्या हाती मात्र काहीच उरले नाही. तीन धर्मांच्या तीन पवित्र जागी उच्चारलेला शब्द आठ महिनेही टिकला नाही. मग शपथेत असते तरी काय?

साधे वचन आणि शपथ यांत एक फरक आहे. ‘उद्या येतो’ म्हणणारा फक्त शब्द देतो. ‘देवाशप्पथ, उद्या येतो’ म्हणणारा त्या शब्दासाठी काहीतरी गहाण टाकतो. खोटा ठरलो तर ते माझ्याकडून जावे, असे तो साक्षीदारांदेखत सांगत असतो. म्हणून कुठल्याही शपथेचे वजन पाहायचे असेल तर हात गंगाजलावर होता की ग्रंथावर हे नंतर विचारावे. शपथ घेणाऱ्याने गहाण काय टाकले, ते त्याचे स्वतःचे होते का आणि ते त्याने राजीखुशीने टाकले का, हे आधी विचारावे.

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने हा व्यवहार लहानपणीच केलेला असतो. आईशप्पथ, देवाशप्पथ, विद्येची शपथ, आणि गळ्याची कातडी चिमटीत धरून घेतलेली गळ्याशप्पथ. यांतली सर्वांत जड शपथ आईची, पण तिच्यात गहाण पडते ती आई, आणि तिला कोणी विचारलेले नसते. शपथ ‘सुटली’ असे म्हणून ती मोकळी करण्याची सोयही मुलांनी करून ठेवली आहे. हा खेळ वाटतो, पण जुन्या धर्मशास्त्रांनी ज्या प्रश्नांचा कीस काढला ते सारे प्रश्न त्यात आहेत.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेतल्या शपथांची वाटणी वर्णानुसार केली आहे. ब्राह्मणाने सत्याची शपथ घ्यावी, क्षत्रियाने वाहन आणि शस्त्रांची, वैश्याने गाई, धान्य आणि सोन्याची, आणि शूद्राने सगळी पापे आपल्या माथी येतील अशी. या वाटणीतला अन्याय उघड आहे. एकाचा शब्दच पुरेसा आणि दुसऱ्याला पापाची धास्ती दाखवायची, अशी ती व्यवस्था. बायको-मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेण्याची रीतही तिथेच सांगितली आहे. त्याच अध्यायात काही प्रसंगी घेतलेल्या खोट्या शपथेला पाप नाही, अशी सूटही आहे. प्रेयसीपाशी घेतलेली शपथ, लग्नाच्या कामातली, गाईच्या चाऱ्यासाठी वा सरपणासाठी घेतलेली आणि ब्राह्मणाच्या रक्षणासाठी घेतलेली शपथ या सवलतीत येते. शपथेचा एवढा धाक घालणाऱ्या ग्रंथालाही माणसे शपथा किती सहज मोडतात याची पुरती कल्पना होती.

याज्ञवल्क्य स्मृती आणखी पुढे जाते. साक्षी नाहीत, कागद नाही, अशा गंभीर प्रकरणांत तिने पाच दिव्ये सांगितली आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. त्यांतले कोश सौम्य वाटते. देवतेच्या मूर्तीला स्नान घातलेले पाणी आरोपीने प्यायचे. चौदा दिवसांत त्याच्यावर राजाकडून वा दैवाकडून मोठे संकट आले नाही, तर तो निर्दोष. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली आणि पुढची कित्येक शतके महाराष्ट्रात हिंदू कायद्याचा आधार राहिली.

मराठेशाहीच्या कागदांत ही दिव्ये प्रत्यक्ष घडताना दिसतात. वतनाचा, पाटीलकीचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे यायचा. गावचे आणि आसपासचे पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, बलुतेदार बसायचे. निकाल मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून लिहून घेतला जायचा, जामीन घेतले जायचे. कागद आणि साक्षी यांवरून उलगडा झाला तर ठीक. नाही झाला, की ‘क्रिया’ करायची वेळ यायची. ती कधी देवाच्या पायांवर हात ठेवून, कधी नदीच्या संगमात उभे राहून व्हायची, आणि फारच चिघळलेल्या भांडणात रवादिव्य व्हायचे.

रवादिव्याची पद्धत बारकाईने ठरलेली होती. हात धुवायचे, नखे काढायची, आधीच्या जखमा आणि व्रण पाहून नोंदवायचे. हातांना पिशव्या बांधून त्यांवर मोहोर करायची, म्हणजे रात्रीत कोणी औषध चोळू नये. दुसऱ्या दिवशी उकळत्या तेलातुपात धातूचा तुकडा, म्हणजे रवा, टाकायचा आणि तो हाताने बाहेर काढायचा. पुन्हा पिशव्या, पुन्हा मोहोर. ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष पिशव्या सोडायच्या. हात भाजला असेल तर खोटा, नसेल तर खरा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यात अशा प्रकरणांचा तपशील भरपूर आहे.

आजच्या वाचकाला यात केवळ क्रौर्य दिसेल आणि ते होतेच. उकळत्या तेलाला खरेखोटे कळत नाही. पण या पद्धतीचा खरा परिणाम कढईपाशी पोहोचण्यापूर्वीच घडत असे. दिव्याचा दिवस ठरला की वादी किंवा प्रतिवादी माघार घेई, तडजोड होई, आणि ज्याची बाजू लंगडी होती त्याचे पाय आधी लटपटत. गाव हे सगळे पाहत असे. ज्याला आयुष्यभर त्याच पारावर बसायचे आहे, त्याच्या दृष्टीने गावासमोर खोटे ठरणे भाजलेल्या हातापेक्षा वाईट होते. शपथेला वजन येई ते गावाच्या या नजरेने.

आणि तीच नजर दुबळ्यावर रोखली की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२१ साली, म्हणजे राज्यघटना लागू होऊन सत्तर वर्षे उलटल्यावर, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या परांडा इथे एका नवऱ्याने चारित्र्याच्या संशयावरून बायकोला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावले. त्याची चित्रफीत पसरली तेव्हा राज्य हादरले. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती अनेक वर्षे लढते आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही राज्याने केला आहे. ज्या बाईला ‘हात घाल, नाहीतर तू दोषी’ असे सांगितले जाते, तिने काहीही गहाण टाकलेले नसते. तिच्याकडून ते हिसकावलेले असते. त्याला शपथ म्हणू नये, दिव्यही म्हणू नये. तो छळ आहे.

राजकारणात शपथेसाठी बेलभंडार वापरला जाई. बेलाचे पान आणि भंडारा हाती घेऊन किंवा समोरच्याकडे पाठवून शब्द पक्का करायचा. कुळस्वामी खंडोबा मध्ये असल्याने तो मोडणे सोपे नव्हते. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा आदिलशहाने मावळातल्या देशमुखांना खानाकडे जाण्याचे हुकूम धाडले. न जाणे म्हणजे वतनावर पाणी सोडणे. जेधे करीन्यात सांगितले आहे की कान्होजी जेधे आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी खरोखरच हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. मावळातल्या देशमुखाला वतनाहून मोठे काही नव्हते. कान्होजींनी आईला किंवा देवाला पुढे केले नाही, पिढ्यांची स्वतःची मिळकत पुढे केली. म्हणून त्या शब्दाचे मोल महाराजांनाही कळले आणि बाकीच्या मावळालाही.

शब्दावर विसंबून फसलेल्यांत एक नाव फार मोठे आहे. नाना फडणीस हे पेशवाईतले सर्वांत सावध मुत्सद्दी. ३१ डिसेंबर १७९७ रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले, ते शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या नेपल्सच्या सरदाराने सुखरूप परत आणण्याचा शब्द दिला म्हणून. तिथे त्यांना कैद झाली आणि पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. घरच्या माणसांच्या शपथा कितपत टिकतात हे नानांनी हयातभर पाहिले होते, म्हणून त्यांनी परक्याच्या इभ्रतीवर भरवसा ठेवला. फिलोजची इभ्रत ज्या समाजात मोजली जात होती, तो पुण्यापासून हजारो मैल दूर होता. इथे ती गेली काय आणि राहिली काय, त्याला विचारणारे फारसे कोणी नव्हते.

इंग्रजांच्या न्यायालयांना हाच प्रश्न उलट बाजूने पडला. जो बायबल मानत नाही, त्याच्या शपथेवर विश्वास ठेवायचा कसा? इंग्लंडमध्ये जुने मत असे होते की ख्रिस्ती नसलेल्याची साक्षच घेऊ नये. १७४४ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात ओमीचंद विरुद्ध बार्कर हा खटला उभा राहिला. कलकत्त्यात हिंदू साक्षीदारांच्या साक्षी झाल्या होत्या आणि त्यांनी शपथ घेतली होती ती ब्राह्मणाच्या पायाला हात लावून. लॉर्ड हार्डविक यांनी ती ग्राह्य धरली. खोट्याला शिक्षा करणारा ईश्वर मानणाऱ्या माणसाने आपल्या धर्माच्या रीतीने शपथ घेतली तर ती न्यायालयाला चालेल, हे तत्त्व त्या निकालाने रूढ केले.

मग कंपनी सरकारच्या न्यायालयांत गंगाजल आणि कुराण आले. आणि एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. खोटे बोलणारे बेलाशक गंगाजल उचलत, पण खरे बोलणारे, श्रद्धाळू आणि अब्रूदार लोक साक्षीलाच येईनात. पैशाच्या दाव्यासाठी देवाला मध्ये आणणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. १८४० च्या पाचव्या कायद्याने हे बंधन काढले. हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांनी ईश्वराला स्मरून गांभीर्याने खरे सांगण्याचे वचन दिले की पुरे, असे ठरले. त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच म्हटले आहे की लोकांच्या विवेकाला न पटणाऱ्या शपथांच्या सक्तीने न्यायात अडथळा येतो आहे. हिंदी चित्रपटांत लाल कापडात गुंडाळलेली गीता आजही पिंजऱ्यापुढे येते. प्रत्यक्षात कुठल्याही ग्रंथावर हात ठेवण्याची अट भारतीय कायद्यात नाही.

१८७३ च्या शपथ कायद्यात मात्र गावच्या रीतीला एक दार उघडे ठेवले होते. एक पक्ष म्हणू शके, ‘समोरच्याने अमुक देवाची अमुक प्रकारे शपथ घेतली तर मी दावा सोडतो.’ समोरचा तयार झाला तर ती शपथ दिली जाई आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्या दाव्यापुरती अंतिम ठरे. अट एवढीच की शपथ न्यायाला वा सभ्यतेला सोडून नसावी आणि तिने तिसऱ्या माणसावर काही ओढवू नये. म्हणजे मुलाच्या डोक्यावर हात ठेवणे बाद. मनुस्मृतीने सांगितलेली रीत इंग्रजी कायद्याने एका वाक्यात अडवली, आणि या बाबतीत कायद्याचे बरोबर होते. दुसऱ्याचा जीव गहाण टाकायचा अधिकार कोणालाच नाही.

१९६९ च्या शपथ कायद्याने हे दारही बंद केले. आता साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेऊ शकतो किंवा ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञेवर सांगू शकतो, निवड त्याची. बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलायचे असते एवढे कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर शपथेविना त्याची साक्ष चालते. शपथ द्यायची राहिली किंवा चुकीच्या रीतीने दिली म्हणून साक्ष रद्द होत नाही, आणि शपथ घेतली नाही म्हणून खरे बोलण्याच्या कर्तव्यातून सुटकाही होत नाही. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम १९३ खाली होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली आहे. पण असा खटला चालवायचा तर ज्या न्यायालयापुढे खोटे बोलले गेले त्यानेच सहसा तक्रार करावी लागते, आणि कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेली न्यायालये त्या वाटेला क्वचितच जातात. साक्षीदाराला हे ठाऊक असते. नोटरीपुढे ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ म्हणून सही ठोकणाऱ्यालाही ठाऊक असते.

देव न मानणाऱ्याला शपथेच्या आडून बाहेर ठेवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न इंग्लंडच्या पार्लमेंटने केला. चार्ल्स ब्रॅडलॉ नॉर्दॅम्प्टनमधून १८८० साली निवडून आले. ते उघड नास्तिक होते. त्यांनी ईश्वराच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा घेण्याची परवानगी मागितली, ती नाकारली. मग शपथ घेतो म्हणाले, तर ‘तुमची श्रद्धाच नाही, शपथ कसली?’ म्हणून तीही नाकारली. एक रात्र त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत काढावी लागली. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि १८८६ साली ते अखेर सभागृहात बसले. दोन वर्षांत त्यांनी प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा करून घेतला. मुंबईशीही त्यांचा संबंध आहे. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते खास आले होते, आणि हिंदुस्थानच्या बाजूने सतत बोलत असल्याने पार्लमेंटमध्ये ते ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणून ओळखले जात. या माणसाला शब्दांपुरते देवाचे नाव घेऊन बसता आले असते असे त्यांचे विरोधक म्हणत. पण ज्यांनी शपथ सहज घेतली आणि विसरले, त्यांच्यापेक्षा तिच्यासाठी सहा वर्षे झगडणाऱ्या ब्रॅडलॉंनी तिला अधिक गंभीरपणे घेतले होते.

हाच प्रश्न आपल्या संविधान सभेपुढे डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेच्या निमित्ताने आला. मसुद्यात ईश्वराचा उल्लेख नव्हता. ह. वि. कामत आणि महावीर त्यागी यांनी तो असावा म्हणून दुरुस्त्या मांडल्या. शेवटी दोन्ही वाटा ठेवल्या गेल्या. इतर पदांच्या शपथा असलेल्या तिसऱ्या अनुसूचीतही ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. श्रद्धाळू आणि नास्तिक यांना एकाच मापाने मोजणारी ही तरतूद देशाच्या शहाणपणाची खूण आहे. शपथ न घेता सभागृहात बसणाऱ्या आमदाराला राज्यघटनेच्या कलम १९३ नुसार दिवसाला ५०० रुपये दंड आहे. शपथेतले शब्द पाळले नाहीत म्हणून आमदारकी जावी, असे कलम मात्र नाही.

इथवर शपथ मोडणाऱ्यांची बाजू झाली. पाळण्यातही धोका असतो, हे महाभारताने ज्या स्पष्टपणे सांगितले तसे कोणी सांगितलेले नाही. कर्णपर्वात युधिष्ठिर कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन शिबिरात परततो आणि चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की असे म्हणणाऱ्याला मी ठार मारीन. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कधी खोटे बोलायचे नाही हे त्याचे व्रत. लुटारूंना चुकवून काही माणसे रानात दडतात, लुटारू कौशिकाला विचारतात, आणि कौशिक खरे ते सांगतो. माणसे मारली जातात. कौशिकाला त्या सत्याबद्दल नरक मिळतो. मग कृष्ण अर्जुनाला वाट दाखवतो: थोरल्याला ‘अरेतुरे’ करणे हाच त्याचा वध. अर्जुन धर्मराजाला एकेरीत झोडपतो, प्रतिज्ञा शब्दाने पुरी होते आणि भाऊ जिवंत राहतो.

कोणी याला पळवाट म्हणेल. पण कृष्णाने इथे शपथेला तिची मर्यादा दाखवली आहे. शपथ घेणारा स्वतःचे हवे ते पणाला लावू शकतो, दुसऱ्याच्या प्राणावर मात्र तिचा हक्क पोहोचत नाही. भीष्मांच्या प्रतिज्ञेला असा कृष्ण भेटला नाही. वडिलांचे लग्न व्हावे म्हणून घेतलेली ती प्रतिज्ञा ते अखेरपर्यंत पाळत राहिले आणि तिची किंमत अंबेपासून द्रौपदीपर्यंत दुसऱ्यांनी मोजली.

विसाव्या शतकात शपथेचा सर्वांत खोल विचार ज्याने केला तो माणूस वकील होता, हा योगायोग नसावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची सभा भरली. नव्या नोंदणी कायद्याला मान तुकवायची नाही असा ठराव होता. बोलता बोलता शेठ हाजी हबीब म्हणाले, हा ठराव आपण ईश्वराला साक्षी ठेवून करू. मोहनदास गांधी चमकले. मग उठून त्यांनी सभेला फरक समजावला. ठराव बहुमताने होतो आणि बहुमताने बदलतो. शपथ प्रत्येकाने एकट्याने घ्यायची असते, शेजाऱ्याने ती मोडली तरी आपल्याला मोडता येत नाही. तुरुंग, उपासमार, मारहाण, मालमत्तेची जप्ती, कदाचित मरण, सगळे त्यांनी आधी मोजून दाखवले, आणि ज्याच्या मनाची तयारी नाही त्याने हात वर करू नये असे सांगितले. गहाण काय पडणार आहे ते असे आधीच उघड करणारा नेता विरळा. बहुतेक जण शपथ घ्यायला लावतात आणि किंमत नंतर कळू देतात.

बारा वर्षांनी अहमदाबादेत त्याच विचाराची परीक्षा झाली. प्लेगच्या दिवसांत गिरणी कामगारांना मिळणारा जादा भत्ता बंद झाला होता. मालक वीस टक्के वाढ द्यायला तयार होते. गांधीजींनी हिशेब पाहून पस्तीस टक्क्यांची मागणी रास्त ठरवली. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. फेब्रुवारी १९१८ मध्ये गिरण्यांना टाळे लागले आणि साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली हजारो मजुरांनी प्रतिज्ञा केली: पस्तीस टक्के मिळाल्याशिवाय कामावर जाणार नाही, आणि दंगा, लूट, मारहाण करणार नाही.

दोन आठवड्यांनी चुली थंडावल्या. वीस टक्क्यांवर येतील त्यांच्यासाठी मालकांनी दारे उघडली. मजुरांच्या वस्तीतून शब्द आला की तुम्हाला काय, तुम्ही मोटारीतून फिरता आणि पोटभर जेवता, उपाशी मरतो ते आम्ही. तो बोल गांधीजींना लागला, कारण तो खरा होता. ज्यांच्याकडून शपथ घेववली त्यांचे सगळे पणाला आणि घेववणाऱ्याचे काहीच नाही, ही विषमता त्यांना सहन झाली नाही. १५ मार्चला त्यांनी उपास सुरू केला. तीन दिवसांत तडजोड झाली ती अशी: कामाच्या पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, आणि पुढे लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस. पहिल्या दिवशी मजुरांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी मालकांची. आनंदशंकर ध्रुव यांनी लवाद म्हणून पुढे पस्तीस टक्केच दिले.

विजय झाला, पण गांधीजींनी तो उजळ माथ्याने मिरवला नाही. प्रतिज्ञेची अक्षरे राहिली, आत्मा राहिला नाही, असे त्यांनी मजुरांना सांगितले. मालक आपल्या स्नेहापोटी, उपासाच्या दडपणाने नमले याची त्यांना लाज वाटली. नेता आपल्याच शपथेचा हिशेब असा उघड्यावर मांडतो, हे दृश्य आजच्या राजकारणाला पूर्ण परके आहे. महादेव देसाईंनी या लढ्याला धर्मयुद्ध म्हटले ते उगाच नाही.

शपथ उच्चारल्याने माणूस खरेच अधिक प्रामाणिक होतो का, हे प्रयोगाने तपासण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी ‘मी खरे लिहीन’ यावर सुरुवातीलाच सही घेतली तर लोक कमी लबाडी करतात, असे २०१२ साली एका नामांकित विज्ञान नियतकालिकात छापून आले. विमा कंपनीच्या ग्राहकांनी आपल्या गाड्या किती मैल चालल्या ते कळवले, त्याचे आकडे पुराव्याला होते. सरकारी खात्यांपर्यंत हा उपाय पोहोचला. २०२० साली त्याच संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. २०२१ साली इतर अभ्यासकांनी विम्याचे आकडेच बनावट असल्याचे दाखवले आणि तो निबंध मागे घेण्यात आला. माणसाच्या प्रामाणिकपणाला इतकी स्वस्त युक्ती पुरेल, ही आशाच मुळात भाबडी होती.

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेल्या प्रतिज्ञेकडेही या दृष्टीने पाहावे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि पुढे ती देशभरच्या शाळांत गेली. महाराष्ट्रातल्या काही पिढ्यांना ती तोंडपाठ आहे. वडीलधाऱ्यांचा मान आणि देशबांधवांविषयी निष्ठा या गोष्टी मोठ्या आहेत. रोज सकाळी हात पुढे करून उभे असलेल्या मुलाला त्यातल्या एका वाक्याचा अर्थ आणि त्यासाठी काय सोडावे लागेल, एवढे जरी गुरुजींनी महिन्यातून एकदा समजावले, तरी जोहान्सबर्गच्या सभेत झाले त्याचा एक अंश शाळेत होईल.

महाराष्ट्रात दिलेल्या आणि पाळलेल्या शब्दाचे सर्वांत मोठे उदाहरण येवल्यापासून नागपूरपर्यंत पसरले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यात देवाची साक्ष नव्हती, मुदत नव्हती. निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे येऊन गेले, घाई करण्याचे आग्रह झाले, थट्टाही झाली. बाबासाहेब वाचत राहिले, तपासत राहिले. एकवीस वर्षे हा शब्द उघड्यावर होता आणि तो मोडला गेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. प्रत्येक प्रतिज्ञा ‘मी’ने उच्चारायची. काय मानणार नाही, कोणते विधी करणार नाही, चोरी, खोटे बोलणे, दारू यांपासून दूर राहीन, माणसामाणसांत समता मानीन. साक्षीला ईश्वर नाही आणि मोडल्यास शिक्षा करणारा कोणी नाही. पणाला लागले ते रोजचे जगणे: घरातला देव्हारा, सणवार, लग्नाची रीत, गावाशी पिढ्यानपिढ्या बांधून ठेवणारी कामे. गावात परतल्यावर या प्रतिज्ञा पाळण्याची किंमत अनेकांनी बहिष्काराच्या रूपाने मोजली आणि तरी पाळल्या. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला पुन्हा दीक्षेचा सोहळा झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्ययात्रेला जमलेल्या हजारो माणसांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून तिथेच धम्मदीक्षा घेतली.